जगाची धारण आणि घरचा बुधला

आमच्या नांदूरघाटापासून समुद्र फार दूर आहे. बालाघाटाच्या डोंगरांतील हें गांव. तालुका केज, जिल्हा बीड, आणि पावसाचें म्हणाल तर तो आला तर आला. गांवांतील जुन्या पिढीच्या कित्येक माणसांनीं समुद्राचें दर्शन घेतलें तें रामेश्वराच्या यात्रेच्या निमित्तानें, आयुष्यांत एकदांच. असें असूनहि येथील वाण्याच्या दुकानीं तेलाची पिशवी कोणत्या भावानें मिळावी आणि येथील शेतकऱ्याच्या सोयाबीनला काय भाव यावा, हें ठरविणारीं माणसें समुद्रापलीकडे बसलेलीं आहेत. जाकार्ता येथील सरकारनें एखादा हुकूम काढावा, काळ्या समुद्राच्या कांठीं तोफा सुरू व्हाव्या, ब्राझील देशांत पाऊस वेळेवर पडावा, आणि त्याचा परिणाम केज तालुक्यांतील एका घरच्या फोडणीवर व्हावा, ही गोष्ट आमच्या आजोबांस कोणी सांगितली असती तर त्यांनीं ती पुराणांतील समजून ऐकली असती. आम्हांस मात्र ती आतां दरमहा वाणसामानाच्या यादींत वाचावी लागते.

महर्गतेचा म्हणून जो शेंकडेवारीचा आंकडा वर्तमानपत्रांत येतो तो कसा तयार होतो, हें घरांतील सर्व मंडळीस ठाऊक असणें इष्ट आहे. सरकार नित्योपयोगी वस्तूंची एक कल्पित टोपली भरतें व तिची किंमत दरमहा मोजतें. २०१२ हें पायाभूत वर्ष धरून भरलेल्या टोपलींत शंभरांपैकीं ४५.८६ इतका भार खाण्यापिण्याच्या वस्तूंना दिलेला होता. हा भार उगीच दिलेला नव्हता. २०२३-२४ सालच्या घरखर्चाच्या सरकारी पाहणींत असें आढळलें कीं, खेड्यांतील माणसाच्या खर्चांतील शेंकडा ४७ भाग अन्नावर जातो आणि शहरांत शेंकडा ४० च्या जवळपास. अमेरिकेंतील कुटुंबाच्या मिळकतीचा हाच भाग सुमारें एकदशांश भरतो. शिवाय तिकडचा गृहस्थ बहुतकरून तयार पाव विकत घेतो, आणि त्या पावाच्या किंमतींत गव्हाचा वांटा थोडा, मजुरी, वेष्टन व दुकानाचें भाडें यांचाच वांटा मोठा. आपण गहूं घेतों, डाळ घेतों, तेल घेतों. पीठ मळणें व फोडणी घालणें हें घरीं होतें. तेव्हां गव्हाची किंवा तेलाची किंमत जगांत वाढली कीं ती मध्यें कोठेंहि न मुरतां थेट आपल्या चुलीपाशीं येऊन उभी राहते. तिकडे अशा वाढीनें एखादी सहल रद्द होत असेल. इकडे मुलांच्या वाटींतील वरण पातळ होतें.

कौटिल्यानें शेती, पशुपालन व व्यापार या तिहींस मिळून ‘वार्ता’ असें नांव दिलें आहे. पुढें हा शब्द बातमी या अर्थानें रूढ झाला. आमच्या शेतकऱ्याच्या आयुष्यांत हे दोन्ही अर्थ पुन्हां एकत्र नांदूं लागले आहेत; सकाळीं उठून हातांतील यंत्रावर परदेशची बातमी पाहिल्याविना त्याला आपल्या शेतमालाचें भवितव्य कळत नाहीं. याच कौटिल्यानें व्यापाऱ्यास स्वदेशी मालावर शेंकडा ५ व परदेशी मालावर शेंकडा १० इतक्या नफ्याची मर्यादा घालून दिली होती. परदेशांतून येणाऱ्या मालाचा भाव राजाला आवरावा लागतो, ही जाणीव इतकी जुनी आहे.

आतां तेलाचेंच उदाहरण घेऊं. कारण परदेशच्या भावानें आपल्या घरांत पाय कसा ठेवला हें त्याइतकें स्पष्ट दुसऱ्या कोणत्याहि वस्तूंत दिसत नाहीं.

पूर्वीं या भागांत तेल म्हणजे करडईचें किंवा भुईमुगाचें. रब्बी जोंधळ्याच्या रानांत कडेनें करडईच्या ओळी टाकीत. तिचे कांटे गुरांना अडवीत, बी तेल्याच्या घाण्यावर जाई, आणि पेंड गोठ्यांत परत येई. घरांत तेलाचा बुधला असे, तो भरला कीं वर्षाची चिंता मिटे, समईलाहि तेंच तेल आणि पापडालाहि तेंच. तेलाचा भाव आसपासच्या चार तालुक्यांतील पिकावर ठरे. पीक बुडालें तर तेल महाग होई हें खरें. पण ज्याच्या घरीं थोडें बी आलेलें असे त्याला त्या महागाईचा लाभहि होई.

१९८६ मध्यें केंद्र सरकारनें तेलबियांसाठीं एक विशेष मोहीम हातीं घेतली, आणि १९९० नंतरच्या तीन-चार वर्षांत देश खाद्यतेलाच्या बाबतींत जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता, हें आज पुष्कळांस सांगूनहि खरें वाटत नाहीं. १९९४ मध्यें पामतेलाच्या आयातीचें दार उघडलें. आरंभीं जकात शेंकडा ६५ होती. १९९८ पर्यंत ती १५ वर आली. ताडाच्या जातीचें हें झाड. एका हेक्टरांत त्याच्यापासून जितकें तेल निघतें तितकें करडईपासून काढावयाचें तर कित्येक हेक्टर जमीन लागते. एवढ्या स्वस्त तेलापुढें आमची कोरडवाहू करडई टिकावी कशी? आज देशांत दरसाल सुमारें १६० लाख टन खाद्यतेल बाहेरून येतें, म्हणजे आपण खातों त्याच्या निम्म्याहून अधिक. त्यांत सर्वांत मोठा वांटा इंडोनेशिया व मलेशिया येथील पामतेलाचा. त्याखालोखाल अर्जेंटिना व ब्राझील येथील सोयाबीनचें तेल. सूर्यफुलाचें येतें तें रशिया व युक्रेनच्या बाजूनें. २०२२ च्या ऑक्टोबरांत संपलेल्या तेलवर्षांत या खरेदीपायीं देशानें दीड लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम बाहेर धाडली.

आणि निम्म्याहून अधिक माल बाहेरचा झाला म्हणजे उरलेल्या घरच्या मालाचा भावहि बाहेरच्या मालावरच ठरूं लागतो. शेंगदाण्याचें तेल विकणारा आपल्या खर्चाचा हिशेब करीत बसत नाहीं. शेजारच्या दुकानीं पामतेल काय भावानें जातें हें पाहून तो आपला भाव सांगतो. बाहेरच्या मालाचा भाव म्हणजे तरी काय? तेथील किंमत, जहाजाचें भाडें, रुपयाच्या हिशेबानें डॉलरची किंमत, आणि आपल्या सरकारची जकात, या चौघांची बेरीज. यांपैकीं पहिल्या तिघांवर आपला कांहींएक इलाज चालत नाहीं.

२०२२ सालीं पहिले तिघेहि एकदम उठले. २४ फेब्रुवारीस रशियानें युक्रेनवर स्वारी केली आणि सूर्यफूल तेलाचीं जहाजें बंदरांतच अडकलीं. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषि संघटना जगांतील अन्नाच्या किंमतींचा एक निर्देशांक काढते. २०१४ ते २०१६ ची सरासरी १०० धरली तर त्या वर्षींच्या मार्चांत तो १६० पर्यंत चढला, आणि त्यांतील केवळ तेलांचा निर्देशांक २५० च्या आसपास गेला. तोंच २८ एप्रिलला इंडोनेशियानें पामतेलाची निर्यात बंद केली. आपल्या देशांतील गृहिणींस तेल मिळेना म्हणून. बंदी महिन्याच्या आंत, २३ मे रोजीं उठली, परंतु तेवढ्या अवधींत आमच्या येथील दुकानांतून भाव दिवसाआड बदलत होते. त्या एप्रिलांत देशांतील महर्गतेचा आंकडा ७.७९ झाला. डॉलर वर्षारंभीं चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर रुपयांस मिळत होता, तो ऑक्टोबरांत ८२ च्या वर गेला; म्हणजे जगांत तेल उतरूं लागल्यावरहि त्या उताराचा कांहीं भाग रुपयाच्या घसरणीनें गिळला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. महर्गता शेंकडा ४ च्या सुमारास, व फार तर ६ च्या आंत, ठेवण्याची जबाबदारी २०१६ पासून कायद्यानें रिझर्व्ह बँकेवर टाकलेली आहे. बँकेपाशीं पामतेल नाहीं कीं गहूं नाहीं. तिच्या हातीं व्याजाचा दर तेवढा आहे. ४ मे २०२२ रोजीं तिनें तो ४ वरून ४.४० वर नेला आणि पुढील फेब्रुवारीपर्यंत ६.५० केला. आमचे धाकटे बंधु पुण्यास असतात; त्यांनीं घरासाठीं कर्ज घेतलेलें. कर्जाची मुदत वाढली, हप्ता वाढला. युक्रेनच्या युद्धानें तुमची भाजी महागली हें समजतें, पण तुमच्या सदनिकेचा हप्ता महागला हें वहिनींना पटवून देतांना आमच्या बंधूंची फार तिरपीट उडाली.

हा अनुभव अगदींच नवा आहे असें नव्हे. १९४२ च्या मार्चांत जपान्यांनीं रंगून घेतलें आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ हिंदुस्थानांत यावयाचा थांबला. १९४३ च्या मे महिन्यांत मुंबईंत शिधावाटप सुरू झालें. बंगालची त्या वर्षींची स्थिति सर्वश्रुतच आहे. १९७२ च्या दुष्काळांत आम्ही शाळकरी वयाचे होतों. शिधापत्रिकेवर मिळणारा अमेरिकेचा तांबडा मिलो, त्याची थापतां थापतां चिरणारी भाकरी, आणि दुष्काळी कामावर वांटली जाणारी सुकडी या गोष्टी मराठवाड्यांत त्या वयाच्या कोणासहि विचाराव्यात. आमच्या दुर्दैवानें त्याच वर्षीं सोव्हिएट रशियानें अमेरिकेचा गहूं प्रचंड प्रमाणांत उचलला; जगांत गव्हाचे भाव चढले; पुढच्या वर्षीं खनिज तेल भडकलें; आणि १९७४ मध्यें देशांतील घाऊक भाव वर्षभरांत शेंकडा २५ हून अधिक वाढले. त्या दिवसांत मुंबईंत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृति महिलांनीं महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापून लाटणीं हातांत घेऊन मोर्चे काढले. ज्यांच्या आया-आजी त्यांत होत्या अशीं घरें आमच्या वाचकांत पुष्कळ असतील.

तेव्हांच्या व आतांच्या स्थितींत एक भेद मात्र आहे. तेव्हां बाहेरचा भाव येई तो खाणाऱ्याच्या घरांत. आतां तो पिकविणाऱ्याच्या शेतांतहि येतो. आणि एकत्र कुटुंबांत खाणारा व पिकविणारा हे सख्खे भाऊ किंवा काका-पुतणे असतात.

२०२४ च्या दिवाळींत आमच्या घरीं सर्व मंडळी जमली होती. फराळाच्या तयारीच्या वेळीं पुण्याच्या वहिनींनीं तेलाचा विषय काढला. दीड महिन्यापूर्वीं, १४ सप्टेंबरला, सरकारनें कच्च्या खाद्यतेलावरील मूळ जकात शून्यावरून २० केली होती. उपकर धरून ती साडेपांचावरून साडेसत्तावीस झाली. ऐन सणांत पिशवीमागें वीस-पंचवीस रुपये अधिक द्यावे लागले, चकल्या यंदा निम्म्याच केल्या, असें त्या म्हणाल्या. थोरल्या बंधूंचे चिरंजीव आमची वडिलोपार्जित शेती पाहतात. ते ऐकत होते. ते म्हणाले, “काकू, तेल महागलें हें खरें. पण मग माझें सोयाबीन कोणत्या तेलाचें?” त्यांचें सोयाबीन त्या आठवड्यांत गेलें तें चार हजार दोनशें रुपये क्विंटलनें, त्या वर्षींचा हमीभाव ४८९२ होता. खरेदी केंद्रावर न्यावें तर ओलावा शेंकडा बारांच्या वर आहे म्हणून परत. ती मर्यादा पुढें नोव्हेंबरच्या मध्यावर १५ करण्यांत आली, तोंवर गरजवंतांनीं माल बाहेर विकून टाकला होता.

पुतण्याच्या प्रश्नास उत्तर आहे, व तें सोयाबीनच्या दाण्यांतच आहे. एक क्विंटल सोयाबीन गिरणींत घातलें तर तेल निघतें सुमारें १८ किलो. बाकी ऐंशीच्या वर किलो होते ती पेंड. म्हणजे ज्याला आपण तेलबी म्हणतों तें वस्तुतः पेंडीचें पीक आहे. ही पेंड कोंबड्यांच्या खाद्यांत जाते व परदेशीं जाते. अर्जेंटिना व ब्राझील येथील पेंड आपल्याहून स्वस्त. ती बाजारांत मुबलक झाली कीं आपली पेंड कोणी उचलीत नाहीं. त्यांत आणखी एक नवा प्रतिस्पर्धी निपजला आहे. मका व तांदूळ यांपासून मोटारीच्या इंधनांत मिसळण्याचें इथेनॉल काढतात. त्यांत उरणारा चोथा प्रथिनयुक्त व स्वस्त असतो, आणि खाद्याचे कारखाने पेंडीऐवजीं तो वापरूं लागले. तेव्हां जकातीनें अठरा किलो तेल महाग केलें, आणि जगाच्या बाजारानें ऐंशी किलो पेंड स्वस्त केली. बेरीज आमच्या पुतण्याच्या अंगावर आली, आणि तेलाची वाढ तेवढी वहिनींच्या. दोघांनाहि आपणच काय ते नागवलों असें वाटत होतें, व दोघेंहि खरें बोलत होतीं.

याच्या उलट प्रकार तीन वर्षांपूर्वीं घडला होता. २०२१ च्या ऑगस्टांत लातूरच्या बाजारांत सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलें. त्या वेळीं शेतकऱ्याच्या घरांत दाणा नव्हता. माल होता तो सांठेवाल्यांपाशीं. तथापि चार महिने शेतांत राबणाऱ्याला सुगीची आशा तरी होती. कुक्कुटपालकांची ओरड झाली. २४ ऑगस्टला सरकारनें बारा लाख टन पेंड परदेशांतून आणण्यास परवानगी दिली, आणि सोयाबीन बाजारांत येईतों भाव जवळजवळ निम्म्यावर उतरला. त्याच वर्षाअखेर सोयाबीनच्या वायदेबाजारावरहि बंदी आली.

एक साधा हिशेब करून पाहावा. २०२१ च्या ऑगस्टांत किरकोळ दुकानीं सोयाबीनचें तेल किलोमागें दीडशेच्या आसपास होतें. २०२४ च्या नोव्हेंबरांतहि तें दीडशेच्याच आसपास होतें. पहिल्या वेळीं एका क्विंटल सोयाबीनच्या पैशांत सहासष्ट किलो तेल आलें असतें. दुसऱ्या वेळीं आलें असतें अठ्ठावीस किलो. खाणाऱ्याचा भाव तेथेंच उभा. पिकविणाऱ्याचा मात्र निम्म्याहून खालीं.

आणि २०२५ चें वर्ष तर अधिकच शिकवून गेलें. त्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत, आणि आमच्या बीड जिल्ह्यांत विशेषच, अतिवृष्टीनें हाहाकार केला. उभें सोयाबीन पाण्यांत सडलें, कांहींच्या शेतांतील मातीच वाहून गेली. जुन्या काळचा न्याय असा कीं, पीक बुडालें तर भाव चढतो, आणि हातीं लागलेल्या चार पोत्यांना आठ पोत्यांचा पैसा येतो. हा दुष्काळांतील गरिबाचा विमा होता. तो आतां राहिला नाहीं. ब्राझील देशांत त्या वर्षीं सतरा कोटी टनांच्या घरांत सोयाबीन पिकलें. आपल्या सबंध देशाचें पीक सव्वा कोटींच्या आसपास. बीड जिल्ह्याच्या नुकसानीनें त्या ढिगाला ओरखडाहि उमटला नाहीं. हमीभाव ५३२८, आणि बाजारांत भाव त्याहून पुष्कळ खालीं. भिजलेल्या, काळवंडलेल्या दाण्यास तर व्यापारी जो म्हणेल तो. त्या ऑक्टोबरांत महर्गतेचा आंकडा ०.२५ इतका खालीं आल्याचें प्रसिद्ध झालें आणि अन्नाचे भाव वर्षापूर्वीपेक्षां शेंकडा पांचांनीं उतरल्याचें सांगण्यांत आलें. शहरांत ही सुवार्ता होती. खेड्यांत तिचा अर्थ असा होता कीं, ज्यांच्या पिकाचा पैसा व्हावयाचा त्यांना तो शेंकडा पांचांनीं कमी मिळाला. आणि त्या स्वस्ताईंतहि तेल सामील नव्हतें. ऑगस्टांत तेल व तुपाचे भाव आदल्या वर्षाहून शेंकडा २१ नें चढे होते, जरी ३० मे रोजीं सरकारनें कच्च्या तेलावरील मूळ जकात पुन्हां २० वरून १० वर आणली होती.

सर्व दोष परदेशच्या माथीं मारणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. २०२४ च्या ऑक्टोबरांत महर्गता ६.२१ झाली, तींत भाजीपाला शेंकडा ४२ नें महागलेला होता. त्या टोमॅटो-कांद्याशीं जाकार्ताचा कांहीं संबंध नव्हता, तो आपल्याच पावसाचा व आपल्याच सांठवणुकीच्या अव्यवस्थेचा प्रताप. जगाची धारण येते ती तेलांतून, डाळींतून, खतांतून आणि डिझेलमधून. भाजीच्या टोपलींतून ती क्वचितच येते. खतांचें म्हणाल तर २०२२-२३ सालीं सरकारनें त्यांवर अडीच लाख कोटी रुपयांचें अर्थसाह्य दिलें म्हणून पोत्याचा भाव स्थिर राहिला. तो पैसाहि अखेर आपल्याच करांतून गेला.

डाळीची कथा तेलाच्या मानानें थोडक्यांत सांगतां येते. २०१५ मध्यें तुरीची डाळ दोनशें रुपये किलोपर्यंत गेली. ब्रह्मदेशांतून व आफ्रिकेंतून तूर येऊं लागली. २०१६ च्या जुलैंत मोझांबिकशीं दीर्घ मुदतीचा करारहि झाला. भाव पाहून इकडे शेतकऱ्यांनीं तूर पेरली, पाऊस झाला, पीक विक्रमी आलें, आणि २०१७ च्या उन्हाळ्यांत बीड-लातूरकडे खरेदी केंद्रांबाहेर पोत्यांच्या थप्प्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगा दिवसेंदिवस उभ्या. ५०५० च्या हमीभावाखालीं तूर विकली गेली. त्या ऑगस्टांत आयातीवर बंधन आलें, २०२१ च्या मेमध्यें तें उठलें. गव्हाची निर्यात १३ मे २०२२ रोजीं बंद झाली, कांद्याची ८ डिसेंबर २०२३ रोजीं. कारण दोन्ही वेळां एकच, शहरांतील भाव.

आमचें मत असें कीं, दारावर पहारा असणें वावगें नाहीं. इंडोनेशियानें आपल्या लोकांसाठीं निर्यात अडविली, मग आपण आपल्यासाठीं जकात फिरविली तर बिघडलें कोठें? बिघडतें तें वेळेचें. जकात बदलते ती पेरणीनंतर, किंवा सुगीच्या तोंडीं, किंवा सणाच्या आदल्या पंधरवड्यांत. शेतकऱ्यास ती आधीं कळत नाहीं, गृहिणीसहि कळत नाहीं, कळते ती ज्याचीं जहाजें वाटेंत असतात त्याला. परदेशीं भाव अमुक चढला तर जकात अमुक उतरेल, आणि अमुक उतरला तर अमुक चढेल, असें कोष्टक मृगापूर्वीं जाहीर करून वर्षभर पाळण्यास काय हरकत आहे, हें आम्हांस समजत नाहीं. पंचांग वर्षारंभीं मिळतें म्हणून तर लग्नाचे मुहूर्त धरतां येतात.

जोंधळा या सर्वांतून सुटला असें कोणास वाटेल. तो परदेशांतून येत नाहीं, व शिकागोच्या बाजारांत बीडच्या मालदांडीस कोणी ओळखीत नाहीं. परंतु जगाचा भाव त्यालाहि आडवाटेनें गांठतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सोयाबीनचें नगदी पीक आलें आणि खरिपाचा जोंधळा, मूग, तीळ, भुईमूग यांचीं रानें त्यानें खाल्लीं. सबंध महाराष्ट्रांत आतां सोयाबीन पन्नास लाख हेक्टरांच्या घरांत आहे. जोंधळा कमी झाला, कडबा कमी झाला, आणि भाकरी, जी गरिबाचें अन्न म्हणून आम्हीं लहानपणीं खाल्ली, ती कांहीं वर्षीं गव्हाच्या पोळीहून महाग पडूं लागली.

दिवाळीच्या त्या संभाषणाचा एक परिणाम घरांत झाला. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर रानांत ओल पुष्कळ होती. रब्बींत पुतण्यानें जोंधळ्याबरोबर दोन एकर करडई पेरली. बी मिळविण्यासच त्याला दोन बाजार फिरावे लागले. काढणीसाठीं माणसें तयार होईनात, कारण कांट्यांची संवय कोणाला राहिली नाहीं. हाताला फडकीं गुंडाळून ती घरच्यांनींच काढली. गांवांत घाणा नसल्यामुळें बी बाहेरगांवीं नेऊन गाळून आणलें. मजुरी, भाडें व गाळण्याचा खर्च धरून तें तेल दुकानांतील पिशवींतल्या तेलापेक्षां किलोमागें बरेंच महाग पडलें. पेंड गोठ्यांत गेली ती हिशेबांत धरावी कीं नाहीं यावर काका-पुतण्यांत अजून एकमत नाहीं. वहिनींनीं पुण्याहून दोन डबे मागविले आहेत, आणि पैसे कोणत्या भावानें धाडावयाचे तें विचारलें आहे.